थोरलीचा टाक

नांदूरघाट
कार्तिक शुद्ध ७, शके १८५३

चिरंजीव सौभाग्यवती छबूस,

मावशीचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळी बरी आहेत. तुझं पत्र तेलगावहून आलेल्या गाडीवानाने परवा आणून दिलं. मी भाकऱ्या करत होते, तशाच हाताने घेतलं, म्हणून त्याच्या कोपऱ्याला पीठ लागलं आहे. अक्षर वळणदार झालंय तुझं. पंतोजी तुला ओसरीवर शिकवायचे आणि मी आत चुलीपुढे राखेत बोटाने तेच गिरवायची. तेव्हा तू माझ्याहून वाईट काढायचीस.

आठवा लागला म्हणतेस. उंबऱ्यावर बसू नकोस, भरली घागर उचलू नकोस. तुझ्या सासूबाईंना, जानकीबाईंना, माझा नमस्कार सांग. ज्या घरात तुझी आई बाळंतपणात गेली त्या घरी पहिलटकरणीला पाठवायचं नाही, हा त्यांचा विचार मला कळला. त्यांचं काही चुकत नाही. माजघराशेजारची खोली मी दोनदा सारवून ठेवली होती. असू दे, खोली काही वाया जात नाही.

जोंधळा बरा आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझे वडील गेल्यापासून शेताचं सगळं सुंदरभावजी बघतात आणि घराचं त्यांची भामाबाई बघते. मी सांगितलं तेवढं करते. मला त्याचं दुःख नाही. तुझं पत्र भामाबाईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "पोरगी लेकुरवाळी व्हायची येळ आली तरी टाकाच्याच मागं हाय. जिती हाय ती दिसत न्हाई का तिला?" मी म्हटलं, पोटुशी बाई आहे, तिला जे आठवतं ते आठवू द्यावं.

टाकाचं लिहायचं राहिलंच. तू लिहिलंस, "आई माझ्या पाठवणीला होती तशी बाळंतपणालाही असू दे. ती दहाव्या दिवशी गेली, म्हणून मला ते दहा दिवस तिचा चांदीचा टाक उशाशी ठेवायचा आहे." वाचून जीव गलबलला. टाक सुखरूप आहे, काळजी करू नकोस. त्याची कडी तुटली म्हणून केजच्या राधाकिशन सोनाराकडे दिला आहे. लग्नसराईची कामं आहेत त्याच्याकडे, वेळ लागेल.

डिंक आणला आहे. लाडू करून पाठवते.

तुझी मावशी,
केशर


नांदूरघाट
कार्तिक वद्य ९

चि. सौ. छबूस आशीर्वाद.

सुग्रीवराव आपण होऊन केजला जाऊन आले हे कळलं. जावयाला एवढी तसदी पडायला नको होती. राधाकिशन म्हणाला ना, की तुझ्या वडिलांच्या, अर्जुनरावांच्या, घरचा टाक दहा वर्षांत दुकानात आलाच नाही? तो म्हातारा झालाय, विसरतो.

हे वाक्य लिहिलं आणि पुसावंसं वाटलं. शाई पुसत नाही.

माझा भाऊ बंकट, त्याच्या डोळ्याला औषध घ्यायचं आहे, म्हणून मी त्याच्याबरोबर औरंगाबादेस जाते आहे. आल्यावर सविस्तर लिहीन. तोवर कुणाला कुठे पाठवू नकोस. लाडवांच्या डब्यात तळाशी फडक्यात ओवा बांधला आहे.

मावशी


नांदूरघाट
मार्गशीर्ष शुद्ध ११

चि. सौ. छबूस,

हे पत्र एकटी वाच. सासूबाई विचारतील तर सांग, की मावशीने गाईचं लिहिलंय.

बंकटचे डोळे चांगले आहेत. राधाकिशनही काही विसरलेला नाही. तुझ्या आईचा टाक औरंगाबादेच्या अजायबखान्यात आहे, काचेच्या कपाटात. तो तिथे मी दिला. कुणी मागितला नव्हता, कुणी जबरदस्ती केली नव्हती.

तुझं लग्न झालं त्या वर्षीच्या माघात सरकारी साहेब आपल्या महादेवाच्या देवळातला शिलालेख उतरवून घ्यायला आले होते. तू तेव्हा सासरी, तेलगावी होतीस. त्यांच्याबरोबर एक म्हातारा मुनशी होता. सुभ्याच्या गावी, औरंगाबादेस, अजायबखाना उघडतोय, घरातल्या जुन्या वस्तू असतील तर द्या, सरकार त्या जपेल, असं तो सांगत होता. आपल्याच ओसरीवर बसला होता. गावच्या बायका काय काय घेऊन आल्या! कुणी लाकडी बाहुली, कुणी पितळी दिवा, कुणी सासऱ्याचा मोडका पानपुडा. "घ्या, घ्या, घरातली अडगळ तरी जाईल," म्हणून हसत होत्या. मुनशी वहीत लिहून घेत होता.

मी सगळ्यांच्या शेवटी गेले. आत जाऊन गळ्यातली सर सोडली, टाक काढून घेतला, सर परत बांधली. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली उभी बाई. खालच्या कडेला तुझे दात. तू सात महिन्यांची होतीस तेव्हा माझ्या मांडीवर पडून तो चावायचीस. मुनशीने उलटापालटा करून विचारलं, "ये कौन है?"

मी म्हणाले, "देवी."

त्याने देवी लिहिलं.

छबू, तुला ती रीत सांगायची गरज नाही, पण मला ती एकदा लिहू दे. कुणी मला ती कधी विचारली नाही. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या गळ्यात दोन गोष्टी घातल्या, मंगळसूत्र आणि गेलेल्या पहिलीच्या नावाचा हा टाक. म्हणाल्या, "ही थोरली. आदी हिला, मग तुला." तेव्हापासून सोळा वर्षं जेवायला बसले की पहिला घास तिच्यापुढे धरला. नवं लुगडं आधी तिला दाखवलं. संक्रांतीला आधी तिला कुंकू. तिला मेथी चालायची नाही असं सासूबाई सांगायच्या, म्हणून मेथीच्या दिवशी तिच्यासाठी चमचाभर पिठलं वेगळं. जिला कधी पाहिलं नाही तिची आवडनिवड मला माझ्या आईपेक्षा जास्त ठाऊक होती. मला मूल झालं नाही तेव्हा बायका म्हणायच्या, थोरलीचं मन भरलं नसेल, नीट जेवू घालत जा. मी आणखी नीट जेवू घालायची.

आता औरंगाबादेचं सांगते.

एका जुन्या हवेलीत आहे तो अजायबखाना. बुधवारी फक्त बायकांना सोडतात, म्हणून बंकटला दाराशी बसवून मी आत गेले. दालनामागून दालन. तलवारी, दगडी खांब, पोथ्या. शेवटच्या खोलीत घरगुती जिनसा होत्या. आपल्या गावची लाकडी बाहुली मी लांबूनच ओळखली. टाक तिच्या वरच्या फळीवर होता, लाल मखमलीवर. खाली कागद: "देवीचा टाक. जिल्हा बीड. कडेला ठेचलेला."

ठेचलेला! मला हसू आलं, मग आवरेना म्हणून तोंडावर पदर घेतला.

मी पुढे जाणार, तोच दोन बाया माझ्या आधी तिथे गेल्या. सासू आणि सून असाव्यात. सासूने कनवटीची पुडी सोडली, काचेला हळद लावली, कुंकू लावलं, आणि सुनेला म्हणाली, "माग. घाबरू नगंस. हिच्या पुढं मागिटलेल्या दोघींना पोरं झाली." ती सून डोळे मिटून कितीतरी वेळ उभी राहिली. तिचे ओठ हलत होते.

छबू, ती रुक्मिणीपुढे मूल मागत होती. बाळंतपणात गेलेल्या बाईपुढे. मी दोन पावलांवर उभी होते. काय बोलणार होते? ही देवी नाही, माझी सवत आहे?

त्या गेल्यावर पहाऱ्यावरची बाई ओलं फडकं घेऊन आली आणि माझ्यावरच करवादली, "रोज पोंछती मैं, रोज फिर हल्दी! ये अजायबखाना है की देवल, अल्ला जाने!" मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि काच पुसली. बऱ्याच दिवसांनी थोरलीसाठी काही केलं. घास धरावा म्हणून भाकरी बांधून नेली होती. पहाऱ्यावरच्या बाईने ती दाराशीच काढून ठेवायला लावली होती.

कचेरीत गहिनीनाथ नावाचा कारकून भेटला. आष्टीकडचा, आपल्यासारखं बोलणारा. मी म्हटलं, त्या टाकाचं चुकीचं लिहिलंय, तो देवीचा नाही. त्याला राग येईल असं वाटलं होतं. तो उलट खुर्ची ओढून पुढे बसला.

"बसा मावशी, सांगा. पयलं लोक इथं नुसतं अजब बघाय यायचे. दोन तोंडाचं वासरू कुठं हाय म्हनून इचारायचे. आता नवे साहेब आलेत, ते म्हनतेत, चीज कुनाची, कुनी वापरली, कशी वापरली, समदं लिवा. खरी कैफियत पायजे त्यांना. बरं, कोन ही बाई?"

"रुक्मिणीबाई."

"तुमची कोन?"

"सवत."

त्याने टाक खाली ठेवला, लिहायचा. मग म्हणाला, "सवतीसाठी नांदूरघाटाहून आलात? आमची बायको जित्या जावंला तांब्याभर पानी देत न्हाई."

मी सगळं सांगितलं. तुझे दिवस भरत आलेत तेही सांगितलं. टाक परत द्या म्हणाले. तो आत जाऊन साहेबांशी बोलून आला, आणि हळूच म्हणाला, "अवघड हाय. देवी म्हनून खुशीनं दिली, ती सरकारजमा झाली. गैरसमजानं दिली म्हनाल तर साहेब कागद बदलतील, देवीच्या जागी रुक्मिनीबाई लिवतील, पर चीज सोडनार न्हाईत. उलट त्यांना लईच आवडंल. एकच वाट हाय. देनारीचा हक्कच नव्हता, तिनं खोटं सांगून दिली, असा खऱ्या वारसाचा अर्ज पायजे. पोटच्या लेकीचा."

मी म्हटलं, लिहा.

"मावशी, तुमच्यावर येतंय ते."

"लिहा."

तो अर्ज या पत्रासोबत आहे. तिसरी ओळ वाच: "माझी सावत्र आई केशरबाई हिने सदर टाक घरात कोणासही न विचारता, तो देवीचा आहे असे खोटे सांगून, सरकारात दिला." तू सही करून पाठवलीस की तो केजच्या तहशिलीत येईल आणि चौकशीला आपल्या चावडीवर. तिथे सुंदरभावजींसमोर वाचला जाईल. भावजी वाईट नाहीत, पण चावडीवर मान खाली घालावी लागली की माणूस घरी येऊन काय करतो ते मला माहीत आहे. भामाबाई माझं गाठोडं तेवढं बांधून देईल. बंकटकडे एक खोपट आहे. हे तुला भीती घालायला लिहीत नाही. तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

आता का दिला, ते.

परत येताना मोटारीत मी तुला लिहायचं उत्तर जुळवत होते. तिथे चोर नाही, आग नाही, पहारा आहे. माझ्यामागे त्याला कोण बघणार होतं. तिथे तो सुखात राहील. दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. त्या सुनेचे हलणारे ओठ पाहिल्यापासून मला ते सांगता येत नाही.

तुझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी हिरवं लुगडं नेसून तयार होते. सोळा वर्षं त्या एका पाटाची वाट पाहिली होती, कन्यादानाला तुझ्या वडिलांच्या शेजारच्या. तू हळदीच्या अंगाने माझ्याजवळ आलीस. गळ्याशी हात घातलास आणि टाक हातात धरून म्हणालीस, "मावशी, आज तेवढं आईला पाटावर बसू दे ना. तू काय, रोजच असतेस."

तुझ्या आवाजात वाईट काही नव्हतं. तू सोळा वर्षांची होतीस. मी म्हटलं, बसू दे की. माझ्या हाताने सर सोडली. पाटावर खण अंथरला, त्यावर टाक ठेवला, हळदकुंकू वाहिलं. तुझे वडील त्याच्याशेजारी बसले. मी मागे उभी राहून तबक धरलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही, सासूबाई असत्या तर त्यांना आनंदच झाला असता.

पाठवणीला तू तो टाक डोळ्यांना लावलास आणि "आई, येते गं" म्हणून अशी रडलीस की मांडवातल्या सगळ्या बाया रडल्या. मग माझ्या पाया पडलीस. गाडी जुंपली होती, बैल थांबत नव्हते. तू घाईत होतीस. तू वाकलीस तेव्हा माझ्या हाताला तुझ्या डोक्यावरचा पदर नुसता लागला आणि तू गेलीस.

त्या दिवसापासून घास धरला की माझा हात जड व्हायचा. दोन महिने तसेच काढले. मग मुनशी आला. "ये कौन है" विचारलं तेव्हा खरं सांगितलं असतं तर त्याने घेतलाच नसता, सुवासिनीचा टाक तिच्या सवतीच्या गळ्यातून कोण काढून घेईल? मी देवी म्हणाले, कारण देवीला घरातून जाऊ देता येतं. ती माझी कुणी लागत नव्हती, त्या एका शब्दापुरती.

तुझ्या वडिलांनी दोन दिवसांनी माझा गळा पाहिला. म्हणाले, "रुक्मिणीचं काय झालं गं?" मी म्हटलं, कडी तुटली, राधाकिशनकडे दिलाय. ते म्हणाले, "लवकर दे म्हणावं त्याला. तिला परक्या घरी झोप लागायची न्हाई." चार महिन्यांनी तापाने गेले. शेवटच्या आठवड्यात भ्रमात त्यांनी दोनदा विचारलं, आली का? मी दोन्ही वेळा म्हटलं, आली. मग माझं मंगळसूत्र उतरलं, त्यात टाकाची कुणी चौकशी केली नाही. नदीत सोडला असेल असं सगळ्यांनी धरलं. तुझं पत्र आलं नसतं तर मीही तसंच धरून बसले असते.

हे तुला आता, या दिवसांत सांगू नये हे कळतं. पण तू उशीखाली काय ठेवतेस ते तुला ठाऊक हवं. टाक आला तर तो त्याच गोष्टीसकट येईल.

आणि कदाचित वेळेवर येणारही नाही. सरकारी काम, पौषात तुझे दिवस भरणार. तसं झालं तर एवढं ऐक. आईला दिवस राहिले तेव्हा तिला भाजक्या चण्यांचे डोहाळे होते, तेलाचा वास सोसत नव्हता, आणि वेणा सुरू झाल्यावर ती कुणाला हात धरू देत नव्हती, खांब धरून उभी राहिली होती. नवव्या दिवशी तिला ताप चढला तो कुणाला सांगितला नाही तिने. बारसं तीन दिवसांवर होतं, घरात गडबड होती. सासूबाईंनी मला हे किती वेळा सांगितलं असेल. तू सांग. पोटात दुखलं, अंग तापलं, की जो समोर असेल त्याला सांग, मध्यरात्र असो की पंगत उठलेली असो. लाजू नकोस. तुझ्या आईचं माझ्याकडे उरलेलं एवढंच आहे, आणि ते मी कुणाला देऊन टाकलं नाही.

बोलावलंस तर येईन. मी विधवा, बाळंतिणीच्या खोलीत येणार नाही. दाराबाहेर दहा दिवस बसेन. नाही बोलावलंस तरी राग नाही.

साक्षीच्या जागी मी सही केली आहे, बंकटने अंगठा दिला आहे. तुझी जागा मोकळी आहे. त्या खोलीतली ती फळी रिकामी झाली तर त्या सुनेचं काय, हा विचार माझ्या मनात येतो, पण तो तू करू नकोस. तुला तुझं बघायचं आहे.

गहिनीनाथला ती तिसरी ओळ मऊ करायची होती. मीच तशी ठेवायला लावली. नातं काय लिहू, म्हणून त्याने विचारलं, तेव्हा मी मावशी म्हणाले. तो म्हणाला, सरकारात मावशी चालत नाही, आणि त्याने आपल्या मनाने सावत्र आई लिहिलं. मी वाचून पाहिलं, परत एकदा वाचलं. आजवर कुठल्या कागदावर मी तुझी एवढी कुणी झाले नव्हते.

सही करशील तेव्हा ती ओळ खोडू नकोस.

केशर